उघडलेले इंजिन : जुन्या ट्रकची घरगुती दुरुस्ती आणि कथात्म साहित्याची साक्ष

जॉन स्टाइनबेक यांच्या ‘कॅनरी रो’ (१९४५) या कादंबरीत एक जुना फोर्ड ट्रक डोंगराचा चढ पाठमोरा चढतो. साहित्याच्या वर्गात हा प्रसंग सामान्यतः विनोदी म्हणून वाचला जातो. मॅक आणि त्याच्या निरुद्योगी सोबत्यांच्या उलट्या जगाचे ते एक चित्र मानले जाते. तसे ते आहेही. परंतु फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध आला होता अशा तत्कालीन अमेरिकन वाचकाला त्यात अतिशयोक्ती जाणवली नसावी. या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि इंधन पंपाविना, केवळ उंचीच्या फरकामुळे, कार्बुरेटरकडे वाहत येई. टाकीत पेट्रोल थोडे आणि चढ तीव्र असला की कार्बुरेटर टाकीच्या वर जाई आणि इंजिन उपाशी राही. शिवाय पुढे जाण्याच्या मंद गतीचा पट्टा रोजच्या वापराने झिजे. मागे जाण्याचा पट्टा क्वचित वापरला गेल्यामुळे शाबूत राही, आणि मागील गतीचा जोरही अधिक असे. म्हणून गाडी वळवून चढ पाठमोरा चढणे हा खेड्यापाड्यांतील लोकांना ठाऊक असलेला उपाय होता. कादंबरीकाराने तो रचलेला नाही, टिपलेला आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय जुना ट्रक घरच्या घरी दुरुस्त करण्याच्या प्रथेचा इतिहास हा आहे. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या सनावळीकडून वापराकडे आणि देखभालीकडे वळविला, त्यालाही आता बराच काळ लोटला. तरीही या प्रथेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक अडचण कायम राहते. कारखान्याला दप्तर असते; अंगणात उघडलेल्या इंजिनाला नसते. तेथे नोंदवही नाही, पावती नाही, कारागिराचे नाव नाही. हात तेलाने काळे असताना कोणी लिहीत बसत नाही. अशा वेळी कथात्म साहित्य हा पुष्कळदा सर्वांत सविस्तर पुरावा ठरतो. मात्र तो पुरावा म्हणून वापरायचा तर दुरुस्तीच्या प्रसंगाकडे केवळ प्रतीक म्हणून पाहण्याची आपली सवय काही काळ बाजूस ठेवावी लागेल आणि त्या प्रसंगातील यंत्र खरोखर कसे चालत होते, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये बाजारात आली. १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले तोवर दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या. १९१७ मध्ये तिच्याच इंजिनावर ‘टीटी’ हा एक टनी ट्रकचा सांगाडा निघाला. पण अनेक शेतकऱ्यांनी नवा ट्रक घेण्याऐवजी जुन्या प्रवासी मोटारीचा मागचा भाग कापून तेथे लाकडी फळ्यांचा माल ठेवण्याचा साटा बसविला. असे रूपांतर करण्याचे तयार संचही बाजारात विकले जात. ‘कॅनरी रो’मधील ली चाँगचा ट्रक मुळात एका डॉक्टरांची मोटार होता. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) मधील जोड कुटुंबाचा ट्रकही मुळात हडसन कंपनीची बंदिस्त मोटार आहे. म्हणजे अमेरिकन साहित्यातले हे दोन प्रसिद्ध ‘ट्रक’ कारखान्यातून ट्रक म्हणून निघालेलेच नाहीत. घरच्या करवतीने आणि हातोड्याने ते ट्रक झाले. दुरुस्ती आणि निर्मिती यांच्यातली सीमारेषा येथे प्रारंभापासूनच पुसट आहे.

रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण अमेरिकेतील मोटारीचे अन्य उपयोग नोंदविले आहेत. मागचे चाक उचलून, त्यावरून पट्टा फिरवून शेतकरी लाकूड कापण्याची करवत चालवीत, पाणी उपशीत. कापणी यंत्रे आणि पवनचक्क्या स्वतः सांभाळणाऱ्या या वर्गाकडे ऐरण होती, भाता होता आणि हिवाळ्यातला रिकामा वेळ होता. फोर्ड कंपनीनेही हे ओळखून आपली मार्गदर्शिका प्रश्नोत्तरांच्या रूपात छापली. इंजिन सुरू होत नसेल तर काय करावे? गाडी गरम होत असेल तर कारण काय? ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीशी असलेले तिचे साम्य उघड आहे; एकोणिसाव्या शतकातील संवादरूप मराठी शालेय पुस्तकांच्या अभ्यासकालाही ही मांडणी परकी वाटणार नाही. प्रश्न शिष्याचा, उत्तर गुरूचे. पण येथे गुरू छापील आहे आणि शिष्य गाडीखाली आडवा पडलेला आहे. यंत्र उघडण्याचा अधिकार मालकाचाच आहे हे या लेखनप्रकारात गृहीत धरलेले असते, आणि माझ्या मते या मार्गदर्शिकेचे खरे ऐतिहासिक महत्त्व तेथेच आहे.

त्या काळातील अवघड दुरुस्ती म्हणजे प्रामुख्याने बेअरिंगची. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे टोक ज्या अस्तरावर फिरते ते अस्तर कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ पांढऱ्या धातूचे असे. तेल कमी पडले की हे अस्तर तापून वितळे आणि इंजिनातून ठोक्यांचा आवाज येऊ लागे. मग खालचे तेलाचे चेंबर सोडवायचे, दांडा मोकळा करायचा, नवे अस्तर ओतून ते हाताने खरवडत क्रँकच्या मापाला आणायचे, किंवा दुसऱ्या जुन्या गाडीचा दांडा शोधायचा. काम अवघड यासाठी की मापाचा निर्णय डोळ्यांनी होत नाही. जोड घट्ट झाला तर इंजिन फिरत नाही, सैल राहिला तर दोन दिवसांत पुन्हा ठोके सुरू.

‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’च्या सोळाव्या प्रकरणात नेमकी हीच दुरुस्ती आहे. प्रवासात सोबत आलेल्या विल्सन दांपत्याच्या डॉज मोटारीचे बेअरिंग जाते. सोळा वर्षांच्या अलला तो आवाज आधी ऐकू येतो. टॉम आणि अल मोडीच्या आवारात जाऊन, एका डोळ्याने अधू असलेल्या कामगाराकडून त्याच बनावटीचा दांडा मिळवितात, रात्री विजेरीच्या उजेडात काम करतात, आणि पिस्टनच्या रिंगा तारेने आवळून तो सिलिंडरमध्ये बसवितात. ही तारेची युक्ती रिंगा दाबण्याचे हत्यार जवळ नसलेल्या माणसाची आहे. जगण्याच्या लढ्याची रूपके म्हणून या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण या तारेकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. तिच्यामुळे आपल्याला कळते की १९३० च्या दशकातील निर्वासित शेतकऱ्याजवळ इंजिनविषयीचे ज्ञान होते आणि हत्यारांचा संच मात्र मागे राहिला होता. जमीन गेली, ऐरण गेली, हात राहिले.

याच प्रकरणात आणखी एक घटना आहे. दुरुस्ती होईपर्यंत बाकीच्यांनी पुढे जावे, असे पुरुषमंडळी ठरवितात, तेव्हा आई जॅकचा दांडा उचलते आणि कुटुंब फुटू देणार नाही असे बजावते. सत्तेचा तोल बदलण्याचा क्षण म्हणून हे दृश्य गाजले. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर घरगुती दुरुस्तीच्या इतिहासात बाईचा हात हत्यारापर्यंत पोहोचल्याचे हे दुर्मीळ दृश्य आहे, आणि तेथेही ते हत्यार दुरुस्तीसाठी उचललेले नाही.

‘कॅनरी रो’तला गे हा कारागीर याहून वेगळा. त्याच्या हाती यंत्र आपोआप वळते अशी त्याची ख्याती आहे. दुरुस्तीच्या मोबदल्यात वाणी ली चाँग ट्रक वापरू देतो. व्यवहार पैशांवाचून होतो. पुढे वाटेत कार्बुरेटरचा एक भाग तुटतो, तो आणायला गे निघतो आणि तुरुंगात पोहोचतो. दुरुस्तीचे काम त्याच्याविनाच पार पडते. सुट्या भागाच्या शोधात माणूस हरवणे हा अनुभव ज्यांनी जुन्या गाड्या सांभाळल्या त्यांना मुळीच विनोदी वाटणार नाही.

येथून भारताकडे वळण्याचे कारण केवळ तुलनेची हौस नाही. याच बनावटीच्या गाड्या याच काळात मुंबई बंदरात उतरत होत्या. १९२६ मध्ये फोर्डची भारतीय कंपनी स्थापन झाली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात डॉज आणि फार्गो या गाड्या जुळविल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विकायला काढलेले ट्रक ‘डिस्पोझलच्या गाड्या’ म्हणून मालवाहतुकीत शिरले. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, येथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. त्यांचे ट्रक मात्र रस्त्यावर राहिले.

भारतीय ट्रकदुरुस्तीच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणून जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यातून १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला हीच सांगितली जाते. मला मात्र त्याच सुमारास हजारो शेवर्ले, फोर्ड आणि डॉज ट्रक पोरके झाले ही घटना अधिक निर्णायक वाटते. आयातीवर नियंत्रण, सुटे भाग दुर्मीळ, नवा ट्रक सहजासहजी न मिळणारा. आणि बहुसंख्य मालक एकदोन ट्रकांचे. अशा स्थितीत गाडी वीस-पंचवीस वर्षे चालविणे ही हौस नव्हती, गरज होती. भाग मिळेना तेव्हा तो लेथवर करून घेतला गेला, एका बनावटीची गिअरबॉक्स दुसरीला बसविली गेली, पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन चढविले गेले. मोटार वाहन कायदा, १९३९ नुसार मालवाहू गाडीला ‘पासिंग’ करून घ्यावे लागे, आणि पासिंगच्या आधीचे आठवडे हा घरगुती दुरुस्तीचा हंगाम असे.

‘घरगुती’ हा शब्द भारतीय संदर्भात तपासून घेतला पाहिजे. अमेरिकन शेतकऱ्याचे कोठार खाजगी असते. आपल्याकडे ट्रकचे घर म्हणजे मालकाच्या दारापुढचे अंगण, रस्त्याकडेची चिंच, गावाबाहेरचे मोकळे खळे. तेथे ट्रक उभा राहिला की काम सार्वजनिक होते. बघे जमतात, सल्ले मिळतात, पोरे पाने देण्याघेण्यासाठी राबतात. तीन वासे बांधून उभे केलेले तिकाटणे, त्यावर टांगलेली चेनपुली, आणि साखळीला लोंबणारे इंजिन हे दृश्य मोट आणि विहिरीच्या कामांवर पोसलेल्या समाजाला अपरिचित नव्हते; साधने तीच, ओझे नवे. कमानीचे पाटे लोहार ठोकून वाकवी. केबिन आणि साटा सुतार घडवी, कारण कारखाना फक्त इंजिनासह सांगाडा विकत असे. मोटारीच्या कामात जुने बलुतेदारी कौशल्य असे उतरले, आणि त्याचबरोबर जातीने न मिळणारा एक नवा व्यवसायही उभा राहिला. या व्यवसायात प्रवेश जन्माने नव्हे, उस्तादाच्या हाताखाली फुकट राबून मिळत असे. त्या राबण्यात मार आणि शोषण किती होते याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. १९५० मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना आली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. अंगणातल्या शिक्षणावर त्यांचा परिणाम मर्यादित राहिला.

अमेरिकेत मालकाने वाचायची प्रश्नोत्तरी होती. आपल्याकडे कंपन्यांच्या मार्गदर्शिका प्रामुख्याने इंग्रजीत होत्या आणि मिस्त्री त्या वाचत नसे. दिल्लीच्या देहाती पुस्तक भंडारासारख्या प्रकाशकांनी हिंदीत मोटारदुरुस्तीची स्वस्त पुस्तके काढली व ती दूरवर पोहोचली. तथापि ज्ञानाचे मुख्य वाहन बोली हेच होते. गाडी तेल खाते, धूर कोणत्या रंगाचा काढते, ‘मिसिंग’ कुठे मारते, डिझेलने ‘एअर’ घेतली का, या प्रश्नांतून निदान होई. इंजिन ‘कामाला आले’ असे म्हणत. हे काम निघाले की घरातला एखादा दागिनाही निघे. हेड उतरवायचे, व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासून बसवायचे, त्यावर रॉकेल ओतून गळते का पाहायचे, रिंगा बदलायच्या. मोठ्या ट्रकच्या मागच्या धुऱ्यातील फिरता दांडा चाक न काढता बाजूने ओढून काढता येतो. त्यामुळे तो तुटला तरी रस्त्यावर बदलता येई. या बारीक रचनावैशिष्ट्यावर कित्येक संसार तरले असतील. एका गोष्टीला मात्र अंगणात हात लावला जात नसे, ती म्हणजे डिझेलचा पंप. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या मायको कंपनीचा पंप मापून बसविण्यासाठी विशेष यंत्र लागे. बाकी सारे इंजिन उघडे, पंप सीलबंद.

या भारतीय अनुभवाची साहित्यिक नोंद शोधताना ट्रक नव्हे, टॅक्सी समोर येते. सुबोध घोष यांच्या ‘अजांत्रिक’ या बंगाली कथेतील बिमल आणि त्याची जुनी फोर्ड ‘जगद्दल’. ऋत्विक घटक यांनी १९५८ मध्ये केलेल्या चित्रपटात ती १९२० ची शेवर्ले आहे. गाडीला जीव आहे असे मानणारा बिमल हा समीक्षेचा आवडता विषय. परंतु चित्रपटाचा उत्तरार्ध दुरुस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहावा. बिमल पैसे ओतून नवे भाग आणतो, गाडी बांधतो आणि तिच्यात दगड भरून तिची परीक्षा घेतो. ही परीक्षा भावुक नाही, मिस्त्रीची आहे. दुरुस्त झालेले यंत्र ओझ्याखाली तपासावे हा नियमच असतो. गाडी त्या परीक्षेत उतरत नाही. नवा भाग जुन्या भागांच्या संगतीत टिकत नाही, त्याचा ताण दुसऱ्या झिजलेल्या भागावर जातो, हे प्रत्येक कारागीर जाणतो. त्या दृश्यातील शोकात्मतेला असा यांत्रिक पाया आहे. शेवटी मोडीवाला लोखंड घेऊन जातो आणि एका मुलाच्या हाती भोंगा उरतो.

स्टाइनबेक आणि घटक यांच्यातला फरक संस्कृतीच्या ढोबळ व्याख्यांनी, एक व्यवहारवादी आणि दुसरा भावनाशील असे म्हणून, सांगितला जातो. तो मला पटत नाही. अल आणि टॉम यांना मोडीच्या आवारात त्याच बनावटीचा दांडा मिळतो. बिमलच्या शहरात तशा गाड्यांचे आवार नाही. ज्या देशात दीड कोटी एकसारख्या गाड्या तयार झाल्या तेथे यंत्र नामरहित राहू शकते. जेथे ते एकटे आहे तेथे त्याला नाव मिळते.

मराठी कथात्म साहित्यात या विषयाची नोंद तुरळक दिसते. १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या एस.टी.ने आपल्या लेखकांचे लक्ष अधिक वेधले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये खोळंबा आहे, सहप्रवाशांचे नमुने आहेत, पण गाडी बिघडलेली नाही, म्हैस आडवी आलेली आहे. आपला लेखक बहुधा प्रवाशाच्या आसनावर बसला. गाडीखाली कोण शिरले आहे हे त्याला तेथून दिसणे कठीण होते.

तरीही भाषेने नोंद ठेवली आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधील लनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरील कारखान्यात १९०४ च्या सुमारास निघालेल्या जादा चाकाचे ते नाव. इंग्रजीच्या नेहमीच्या वापरातून ते गेले, ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये आणि आपल्या भाषांमध्ये राहिले. ट्रकवरचा ‘क्लीनर’ खेड्यात ‘किन्नर’ झाला. शासकीय परिभाषेने संस्कृत मुळांवरून पर्याय घडविले; गॅरेजने ते उचलले नाहीत. दुरुस्तीच्या प्रसंगांचा अनुवाद करताना हा प्रश्न तीव्र होतो, कारण शब्दकोशातील शब्द वापरला तर पात्र कारागीर राहत नाही, आणि गॅरेजचा शब्द कोशात सापडत नाही.

हा शब्दसंग्रह आता त्याच्या वस्तूंसह ओसरतो आहे. भारत-चार मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत-सहा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले आणि निदान संगणकाला जोडण्याच्या उपकरणाने होऊ लागले. पूर्वी एकटा पंप सीलबंद होता. २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. शहरांच्या हवेचा विचार करता त्याची गरज नाकारता येत नाही. वीस वर्षे जुन्या डिझेल इंजिनाचा धूर कोणाच्या फुप्फुसात जातो हे पाहिल्यावर स्मरणरंजनाला जागा उरत नाही. दुसरीकडे, यंत्र उघडण्याचा मालकाचा अधिकार हा प्रश्न कायद्यात परतला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. अमेरिकेत २०१५ मध्ये ट्रॅक्टरसह जमिनीवरील वाहनांच्या संगणकप्रणालीत दुरुस्तीसाठी शिरण्याची सूट प्रताधिकार कायद्याखाली देण्यात आली. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये याच विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही होती. फोर्डच्या प्रश्नोत्तरीने जे गृहीत धरले होते ते आता वकिलांना सिद्ध करावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकापुढचे काम त्यामानाने लहान पण निकडीचे आहे. तारेने आवळलेल्या रिंगा, पाठमोरा चढ, दगडांची परीक्षा हे प्रसंग ज्यांना टिपांवाचून कळतात अशी माणसे आज साठीच्या पुढची आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी स्टाइनबेक वाचलेले नाहीत, आणि ज्यांनी वाचले आहेत त्यांनी इंजिन उघडलेले नाही. त्या माणसांना विचारून कोशात भर घालता येईल. जोड कुटुंबातल्या आईने उचललेल्या दांड्याचेच पाहा. अनुवादक ‘जॅकचा दांडा’ लिहील आणि ते चुकीचे नसेल. पण मराठी ट्रकचालक त्या लोखंडी गजाला ‘टॉमी’ म्हणतो. तो आसनामागे असतो, त्याने चाकाचे नट सैल होतात, जॅक फिरतो, आणि हाणामारीच्या वर्तमानपत्री बातम्यांतही तो याच नावाने येतो.